ल्युपस : आपल्याच पिकावर गोफण

मंडळी, आज आपण एका आजाराची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ल्युपस. नाव परके आहे. दोनदा मोठ्याने म्हणा, म्हणजे जिभेवर बसेल. ल्यु-पस. ल्यु-पस.

हे नाव तुम्ही पूर्वी ऐकले नसेल. पण हा आजार आपल्या भागात नाही, असे समजू नका. तो असतो. त्याला कधी वात म्हणतात, कधी वांग म्हणतात, कधी बाहेरची बाधा म्हणतात. खरे नाव कळेपर्यंत दोन-चार वर्षे निघून जातात. तेवढ्यात आतले नुकसान होऊन बसते. म्हणून हा पाठ.

एक घर डोळ्यांपुढे आणा

पंढरपूर तालुक्यातले कोणतेही घर घ्या. घरात पंचवीस वर्षांची सून आहे. ती सकाळी उठते, तेव्हा तिच्या हाताची बोटे आखडलेली असतात. मूठ वळत नाही. भाकरी थापायची कशी? तास-दीड तास गेला म्हणजे बोटे मोकळी होतात. मग ती डाळिंबाच्या बागेत कामाला जाते. दुपारी घरी येते, तेव्हा गाल पोळल्यासारखे झालेले असतात. संध्याकाळी अंगात कणकण असते. ती आडवी होते.

सासू म्हणते, "अंगानं तर धडधाकट दिसतीया. काम आलं की बरं दुखणं येतं!"

नवरा म्हणतो, "डॉक्टरनं सुई दिली, दोन दिवस बरं वाटलं. मग पुन्हा काय झालं?"

शेजारीण म्हणते, "एकदा कुणाला तरी दाखवून अंगारा आणा."

ही माणसे वाईट नाहीत. त्यांना या दुखण्याची माहिती नाही, एवढेच. पण या न-माहितीची किंमत ती सून मोजते. दुखणे तिचे, आणि वर बोलणीही तिनेच खायची. हे घर ध्यानात ठेवा. आता आपण दुखण्याकडे वळू.

माळ्यावरचा राखणदार

शेजारच्या मंगळवेढ्याचा जोंधळा सगळीकडे नावाजलेला आहे. जोंधळा हुरड्याला आला की पाखरे तुटून पडतात. मग शेतात माळा घालतात. राखणदार माळ्यावर उभा राहतो. हातात गोफण असते. थवा आला की तो खडा मारतो. पाखरे उडतात, पीक वाचते.

आपल्या शरीरातही असा राखणदार असतो. त्याला प्रतिकारशक्ती म्हणतात. रोगाचे जंतू अंगात शिरले की ती त्यांना मारते. जखम भरून येते, सर्दी आपोआप बरी होते, ती या राखणदारामुळे.

आता समजा, राखणदाराची ओळखच चुकली. पाखरू कोणते आणि कणीस कोणते, हे त्याला कळेना. त्याने गोफण फिरवली आणि खडे आपल्याच कणसांवर मारायला लागला. मग काय होईल? बाहेरून कोणी चोर आला नाही, तरी शेताचा नाश होईल.

ल्युपसमध्ये हेच होते. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. खडा कुठे लागेल, याचा नेम नाही. एकीच्या सांध्यांना लागतो. दुसरीच्या कातडीला लागतो. तिसरीच्या मूत्रपिंडाला, चौथीच्या फुप्फुसाच्या आवरणाला, पाचवीच्या मेंदूला. म्हणून दोन रुग्णांचा ल्युपस सारखा दिसत नाही. म्हणून तो ओळखायला अवघड जातो.

राखणदार असा का बिघडतो? याचे एकच कारण सांगता येत नाही. काही भाग जन्मासोबत येतो. काही भाग ऊन, तंबाखूचा धूर, काही जंतू आणि काही औषधे यांच्यामुळे वाढतो. बाईच्या शरीरातल्या रसांचाही त्यात वाटा असतो. पण एक गोष्ट नक्की. रुग्णाने काही पाप केले म्हणून हा आजार होत नाही.

नावाची गोष्ट

ल्युपस हा लॅटिन भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ लांडगा. जुन्या काळी युरोपातल्या वैद्यांना चेहऱ्यावरचे काही चट्टे लांडग्याने चावा घेतल्यासारखे वाटले. म्हणून हे नाव पडले. पुष्कळ वर्षे लोक याला कातडीचाच रोग समजत. १८७२ साली व्हिएन्ना शहरातले डॉक्टर कापोसी यांनी लिहिले, की हा रोग अंगाच्या आतही जातो. १९४८ साली अमेरिकेतले डॉक्टर हारग्रेव्ह्ज आणि त्यांचे सहकारी यांना या रुग्णांमध्ये एक वेगळी पेशी सापडली. तेव्हापासून तपासणी करून रोग ओळखण्याची वाट मोकळी झाली.

तो कोणाला होतो?

ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी नऊ बायका असतात. बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात होतो. म्हणजे लग्न, बाळंतपण, शेती आणि घर, सगळे अंगावर असते त्याच वयात. पुरुषांना आणि लहान मुलांनाही तो होतो, पण कमी.

अंग दुखले की ल्युपसच झाला, असे मात्र समजू नका. त्यासाठी एक खरी हकीकत सांगतो. पुण्याहून सोलापूरला येताना भिगवण लागते. तिथे उजनी धरणाचे पाणी पसरलेले आहे. तेच पाणी पुढे भीमेतून आपल्या चंद्रभागेत येते. या भिगवण गावात १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी एक पाहणी केली. स्वयंसेवक घरोघर गेले. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारले, "तुमचे सांधे, हाडे, स्नायू दुखतात का?" शंभरातल्या सुमारे अठरा जणांनी 'दुखतात' असे सांगितले. म्हणजे दर पाच-सहा माणसांत एक. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे दुखणे साधे होते. कष्टाचे, वयाचे, पाठीवर ओझे वाहिल्याचे.

ल्युपस याहून पुष्कळ कमी आढळतो. दिल्लीजवळच्या खेड्यांत झालेली एक पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लाख माणसांमागे सुमारे तीन रुग्ण आढळले. आता एक हिशेब करा. २०११ च्या शिरगणतीत आपल्या सोलापूर जिल्ह्याची वस्ती सुमारे ४३ लाख होती. त्रेचाळीस गुणिले तीन किती? एकशे एकोणतीस. या हिशेबाने एकट्या आपल्या जिल्ह्यात सव्वाशेवर रुग्ण निघतात. त्यातल्या किती जणींना आपल्या आजाराचे नाव माहीत असेल?

खुणा कोणत्या?

पुढच्या खुणा नीट वाचा. एकेक खूण दुसऱ्या आजारातही असते. पण दोन-तीन खुणा एकत्र आल्या आणि हटेनात, तर डॉक्टरला विचारलेच पाहिजे.

१. हाताची बोटे, मनगटे, गुडघे दुखतात, सुजतात. सकाळी उठल्यावर जास्त आखडतात.

२. नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर चट्टा येतो. त्याचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असतो. गोऱ्या कातडीवर तो लाल दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट किंवा काळसर दिसतो. म्हणून त्याला वांग समजण्याची चूक होते. वांग उन्हाने गडद होतो, पण त्याच्याबरोबर ताप येत नाही, सांधे सुजत नाहीत.

३. उन्हात गेले की चट्टे वाढतात, ताप येतो, अंग मोडून येते.

४. कारण सापडत नाही असा बारीक ताप पुन्हा पुन्हा येतो.

५. केस झुबक्याने गळतात.

६. तोंडात, टाळूला फोड येतात. पुष्कळदा ते दुखतही नाहीत.

७. थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी, मग निळसर पडतात.

८. खोल श्वास घेताना छातीत कळ येते.

९. रक्त कमी होते. खूप थकवा येतो.

१०. गर्भ पुन्हा पुन्हा पडतो.

आणि तीन खुणा अशा, की त्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फिट येणे किंवा माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागणे, ही पहिली. धाप लागणे, ही दुसरी. तोंड आणि पाय सुजून लघवी कमी होणे, ही तिसरी.

न बोलणारे अवयव

सांधा दुखतो, तो ओरडून सांगतो. कातडी दिसते. पण मूत्रपिंडे मुकी असतात. पाठीत आत, दोन बाजूंना दोन मूत्रपिंडे आहेत. ती रक्त गाळतात आणि घाण लघवीतून बाहेर टाकतात. चहाची गाळणी फाटली तर काय होते? चोथा कपात येतो. तसे मूत्रपिंडाला खडे लागले की रक्तातले चांगले सत्त्व लघवीतून वाहून जाते. लघवीला फेस येतो. पायांवर सूज येते. रक्तदाब वाढतो. पण सुरुवातीला दुखत काहीच नाही.

ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी चार-पाच जणांची मूत्रपिंडे या आजारात सापडतात. वेळेवर कळले तर औषधाने ती वाचवता येतात. उशीर झाला तर निकामी होतात. मग रक्त यंत्राने धुवावे लागते, ज्याला डायलिसिस म्हणतात.

म्हणून ल्युपसच्या रुग्णाने ठरलेल्या मुदतीला लघवी तपासून घ्यावी, आणि रक्तदाब मोजून घ्यावा. लघवीची तपासणी ही स्वस्त, साधी तपासणी आहे. सुईसुद्धा टोचावी लागत नाही. बरे वाटत असले तरी ती करावी. पुष्कळ घरांत हीच तपासणी राहून जाते आणि मूत्रपिंड हातचे जाते.

रोग ठरवताना डॉक्टर रक्ताच्याही तपासण्या करतात. त्यात ए.एन.ए. नावाची एक तपासणी असते. इथे एक गोष्ट समजून घ्या. ही तपासणी चांगल्या माणसातही कधी कधी 'आहे' अशी येते. नुसत्या त्या कागदावरून ल्युपस ठरत नाही. अंगावरच्या खुणा आणि तपासण्या, दोन्ही जुळवून डॉक्टर ठरवतात. म्हणून कागद हातात आला की घाबरून जाऊ नये.

न दिसणारे ओझे

आता पुन्हा त्या सुनेकडे येऊ. सासू म्हणाली होती, धडधाकट दिसते. बरोबर आहे, दिसते. पाय मोडला तर प्लास्टर दिसते. ताप चढला तर अंगाला हात लावून कळते. ल्युपसचा थकवा मात्र कोणाला दिसत नाही.

हा थकवा साधा नसतो. दिवसभर ऊस तोडून माणूस दमतो, रात्री झोपतो, सकाळी ताजा होतो. ल्युपसचा रुग्ण झोपून उठला तरी दमलेलाच असतो. शिवाय हा आजार भरती-ओहोटीचा आहे. आठ दिवस बरे जातात. ती उठते, सडा घालते, धुणे धुते. मग अचानक चार दिवस हंडा उचलवत नाही. बघणाऱ्याला वाटते, "काल तर करत होती, आज काय झालं?" यालाच लोक ढोंग म्हणतात. आम्ही सांगतो, हा आजाराचा स्वभाव आहे.

बोलणी खाऊन खाऊन बाई दुखणे लपवायला लागते. सूज लपवते, लघवीतला फेस सांगत नाही. उन्हात न जाण्याचे डॉक्टरांनी सांगितले असले तरी जाते. गोळीचे पैसे मागायला लाजते. मनही खचते. केस गेले, चेहऱ्यावर डाग आले, म्हणून ती चार बायकांत जायचे टाळते. म्हणजे पाहा, घरातले एक वाकडे वाक्य आजार वाढवते. औषध दवाखान्यातून मिळेल. पण "तुझं दुखणं खरं आहे, आज बस, मी थापतो भाकरी" हे वाक्य घरातूनच यावे लागते.

घरच्यांनी काय करावे? जड काम, उन्हाचे काम दुसऱ्याने घ्यावे. निवडणे-टिपणे, हिशेब लिहिणे, मुलांचा अभ्यास घेणे अशी सावलीतली कामे तिच्याकडे द्यावीत. अगदी बसवूनही ठेवू नये. अंग बरे असेल त्या दिवशी थोडे चालणे, हातपाय हलवणे चांगलेच. दवाखान्यात जाताना नवऱ्याने किंवा सासूने बरोबर जावे आणि डॉक्टरांचे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकावे. रुग्णाने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले, यांत घरात वाद राहत नाही.

गैरसमज

"हा रोग लागट आहे." मुळीच नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, कपड्यांनी, नवरा-बायकोच्या सहवासाने हा रोग लागत नाही.

"हे महारोगाचे चट्टे आहेत." नाहीत. महारोगाच्या, म्हणजे कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही. ल्युपसच्या चट्ट्याचे तसे नसते. आणि कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो, ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तेव्हा चट्टा कोणताही असो, माणसाला दूर लोटायचे कारण नाही.

"ही करणी आहे." नाही. करणी-भानामतीच्या नावाखाली लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला आहे. विठ्ठलाला हात जोडा, मनाला बळ येते. पण अंगाऱ्यापायी दवाखाना लांबवू नका.

"ताकदीची औषधे घेतली की बरे होईल." सावध! या आजारात राखणदार आधीच पिसाळलेला आहे. त्याला आणखी खुराक कशाला? प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून कोणी चूर्ण विकले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाजारात अल्फाल्फा नावाचे टॉनिक मिळते. अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास. जनावरांना चांगली. पण तिच्या बियांनी आणि मोडांनी ल्युपस उसळल्याचे आढळले आहे. ल्युपसच्या माणसाने ती टाळावी.

"वाताच्या पुडीने चटकन आराम पडतो." पडतो खरा. पण नाव नसलेल्या पुडीत काय आहे, हे तुम्हाला माहीत नसते. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. दुखणे दबते, आजार आत वाढतो. दुखणे मारणाऱ्या गोळ्याही मनाने खाऊ नयेत. त्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

कोयनेलच्या घरातले औषध

जुन्या माणसांना कोयनेल आठवत असेल. हिवतापावरचे कडू औषध. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीपासून ते काढत. १८९४ साली इंग्लंडमधल्या पेन नावाच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या चट्ट्यांवर कोयनेल देऊन पाहिले आणि गुण आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवतापाच्या दुसऱ्या गोळ्या देत. त्यांतल्या काहींचे चट्टे आणि सांधेदुखी त्या गोळ्यांनी कमी झाली. १९५१ साली पेज नावाच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या रुग्णांवर या गोळीचा गुण लिहून प्रसिद्ध केला.

त्याच घराण्यातली आजची गोळी म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. हे लांबलचक नाव २०२० साली, कोरोनाच्या साथीत, तुम्ही ऐकले असेल. तेव्हा लोकांनी ही गोळी घरात भरून ठेवली, आणि जिला रोज लागते त्या ल्युपसच्या बाईला दुकानात मिळेना. ही गोळी राखणदाराला शांत ठेवते. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून पंधरा दिवसांत "गुण नाही" म्हणून सोडू नये. ही गोळी चालू असताना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळे तपासून घ्यावेत. एकदा सुरुवातीला, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा.

आजार जोरात असला की डॉक्टर स्टिरॉइड देतात. ते राखणदाराचा हात धरते. ते जीव वाचवते, मूत्रपिंड वाचवते. पण फार दिवस, फार मोठ्या मात्रेत घेतले तर तोंड सुजल्यासारखे दिसते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टर ते हळूहळू कमी करत नेतात. ते आपल्या मनाने एकदम कधीही बंद करू नये. एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते.

मोठ्या अवयवांना धक्का पोचला तर आणखी कडक औषधे असतात. ही औषधे घेताना राखणदार दबलेला असतो. मग खरी पाखरे, म्हणजे जंतू, आत घुसू शकतात. म्हणून ताप आला तर वाट पाहू नये. पाणी उकळून प्यावे. कोणती लस घ्यावी, कोणती घेऊ नये, हे डॉक्टरांना विचारावे.

ल्युपस मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. पण तो ताब्यात ठेवता येतो. १९५० च्या सुमारास रोग ओळखल्यानंतर पाच वर्षे जगणारे रुग्ण दहांत पाचच्या आसपास असत. आज नीट उपचार मिळाले तर दहांत नऊ किंवा त्याहून जास्त जगतात, आणि पुढेही पुष्कळ वर्षे संसार करतात. हा फरक औषधाने पडला, आणि औषध नेमाने घेतल्याने पडला.

ऊन, वारी आणि एकादशी

आपण पंढरपूरची माणसे. आपले वर्ष वारीने मोजले जाते. तेव्हा ल्युपसच्या माणसाने वारी करायची की नाही, हा प्रश्न येणारच.

ऊन हा ल्युपसचा मोठा वैरी आहे. उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांनी राखणदार पुन्हा पिसाळतो. ढगाळ हवेतही हे किरण येतात. वाळवंटात तर वरून ऊन आणि खालून तापलेली, चमकणारी वाळू. म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उघड्यावर राहू नये. डोक्यावर पदर, हातभर बाह्यांचे झंपर, छत्री, आणि डॉक्टरांनी दिलेले उन्हाचे मलम, एवढे जवळ असावे. ऊन टाळल्याने हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व कमी पडते. ते डॉक्टर गोळीने देतात.

आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. आजार उसळलेला असेल तर ती पायी चालू नये. आजार शांत असेल तर डॉक्टरांना विचारून पहाटेची थोडी वाट चालावी, पुढे गाडीत बसावे. गोळ्यांची पिशवी आणि औषधाची चिठ्ठी अंगाजवळ ठेवावी, सामानाच्या ट्रकात नव्हे. कार्तिकीच्या थंडीत ज्यांची बोटे पांढरी पडतात, त्यांनी चंद्रभागेच्या गार पाण्यात उभे राहू नये. कडक औषधे चालू असतील तर गर्दीत आणि नदीच्या पाण्यात जपावे. डोळ्याला पाणी लावून नमस्कार केला तरी भाव पोचतो.

एकादशीला गोळी घ्यावी की नाही? घ्यावी. चुकवू नये. स्टिरॉइड रिकाम्या पोटी घेऊ नये, फराळ करून घ्यावे. गोळीने उपवास मोडत नाही, असे आम्ही मानतो. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर मीठ, पापड, लोणचे कमी करावे. कडक उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती सोडावी. धुराने ल्युपस वाढतो आणि गोळीचा गुणही कमी होतो. घरातल्या पुरुषांनीही तिच्याजवळ बसून ओढू नये. मिश्रीही तंबाखूच आहे. तिचीही सवय मोडावी.

लग्न आणि मूल

ल्युपसच्या बाईला मूल होऊ शकते. पुष्कळ जणींना निरोगी मुले झालेली आहेत. पण वेळ बघून. आजार निदान सहा महिने शांत असावा. काही औषधे पोटातल्या बाळाला अपाय करतात. ती आधी बदलून घ्यावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन मात्र बहुधा चालूच ठेवतात. म्हणून दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करावे. तोपर्यंत पाळणा लांबवण्याचा कोणता उपाय करावा, हेही त्यांनाच विचारावे.

"आईला आहे म्हणजे मुलीला होणारच," हेही खरे नाही. धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. पण बहुतेक मुलांना ल्युपस होत नाही. लग्न ठरवताना आजार लपवू नये, आणि लग्नानंतर आजार निघाला म्हणून सुनेला माहेरी पाठवू नये. उद्या आपल्या लेकीलाही तो होऊ शकतो.

मोर पाळणारी लेखिका

अमेरिकेत फ्लॅनरी ओ'कॉनर नावाची एक लेखिका होऊन गेली. तिचे वडील ल्युपसने १९४१ साली वारले. तिला स्वतःला पंचविशीत ल्युपस झाला. ती आईबरोबर शेतावर राहायला आली. पायांच्या हाडांनी दगा दिला, कुबड्या घेतल्या. तिने आपल्या ताकदीचा हिशेब मांडला. सकाळचे दोन-तीन तास लिहायचे. उरलेला दिवस विश्रांती, पत्रे आणि पाखरे. तिने शेतावर पुष्कळ मोर पाळले होते. त्या थोड्या तासांत तिने लिहिलेली पुस्तके आजही जगभर वाचली जातात. १९६४ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मूत्रपिंडे निकामी होऊन ती वारली. आजची औषधे तेव्हा नव्हती.

तिच्या आईने शेत सांभाळले म्हणून मुलीला ते दोन-तीन तास मिळाले. आपल्या घरातल्या बाईलाही असे दोन-तीन तास मिळवून देता येतील. मग त्या वेळात ती शिवण शिवो, बचत गटाचा हिशेब लिहो, की मुलांना शिकवो.

कुठे जावे?

आधी गावातल्या आशाताईंना सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी, रक्त आणि रक्तदाब तपासून घ्या. तिथून पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. गरज पडली तर ते सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतील. हे महाविद्यालय १९६३ सालापासून आहे. सांध्यांच्या आणि अशा आजारांच्या खास डॉक्टरांना संधिवाततज्ज्ञ म्हणतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय मिळते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे.

एक वही करा. तुम्हाला आता लिहिता येते, त्याचा हा उपयोग. तारीख, ताप, सांधे, लघवीचा फेस, रक्तदाब, घेतलेली गोळी, हे रोज एका ओळीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा. पुष्कळ बोलून जे सांगता येत नाही, ते वहीचे एक पान सांगते.

ध्यानात ठेवा

ल्युपस लागट नाही.
दुखणे दिसले नाही तरी ते खरे असते.
लघवी तपासा, रक्तदाब मोजा.
उन्हापासून जपा.
गोळी मनाने बंद करू नका.
घरातल्या माणसाने बरोबर दवाखान्यात जावे.

प्रश्न

१. राखणदार कणसांवर खडे मारतो, याचा अर्थ काय?
२. गालांवरचा ल्युपसचा चट्टा आणि वांग यांत फरक कसा ओळखाल?
३. बरे वाटत असतानाही लघवी का तपासावी?
४. स्टिरॉइड एकदम का बंद करू नये?
५. पाठाच्या सुरुवातीच्या घरात सासू, नवरा आणि शेजारीण काय म्हणाले? त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता? तीन वाक्ये लिहा आणि घरी मोठ्याने वाचून दाखवा.